नाक तापेपर्यंत

तुर्भे
१२ जानेवारी १९९७

उज्वला,

उभी असशील तर आधी कॉटवर बस. (पाकिटामागे या वेळीही ‘मंजुषा’च लिहिलंय, तुमच्या रेक्टर सुमित्राबाईंच्या सोयीसाठी.)

काल मॅडमनी मला पहिल्यांदा तळोजाला नेलं. मॅडम म्हणजे विजयमालाबाई, आमच्या वर्कशॉपच्या मालकीण. आमचं एक मशीन तिथल्या केमिकल कारखान्यात दोन वर्षं चालू आहे, त्याची तक्रार होती. टाकीच्या खोलीच्या दारावर ते मशीन पहारा करतं. आत घसा जाळणारा वायू साठतो. मशीनला जोडलेलं एक कार्ड हवा हुंगतं, आम्ही त्याला नाकच म्हणतो. लाल दिवा म्हणजे आत जाऊ नका, हिरवा म्हणजे जा.

दारापाशी दोन कामगार उभे होते. एक हिरामण नावाचे, तिथलेच, खाडीकडच्या गावचे. आवाज असा की तीन शेड पलीकडचा माणूस वळून बघेल. दुसरे गप्प होते. खिशावर नावाची पट्टी होती, ती मी वाचली आणि उज्वला, माझ्या हातातला पाना खाली पडला. ना. ब. गुरव. तुझे बाबा! तू म्हणाली होतीस, बाबा तळोजाला कंपनीत आहेत. तळोजात कंपन्या किती! ते नेमके याच दारात उभे असावेत?

त्यांनी पाना उचलून माझ्या हातात दिला. “सांभाळून, पायावर पडंल,” एवढंच बोलले. मी “हो काका” म्हणालो. आवाज बायकी निघाला.

तक्रार अशी. वीज गेली की मशीन मरतं. वीज आली की परत उठायला त्याला तीन मिनिटं चाळीस सेकंद लागतात, आणि तोवर काम बंद. दिवसातून चार-पाच वेळा वीज जाते. हिरामणदादा मला म्हणाले, “पोरा, तुजा ह्यो कुंभकर्न उठंल कवा? आमची पाली इथंच संपाची.” (पाली म्हणजे ड्यूटीची पाळी.) तुझे बाबा मात्र शांत. पिवळा दिवा लागला (म्हणजे मशीन उठलं, नाक जोडलं गेलं) तशी त्यांनी चंची काढली आणि तंबाखू मळायला घेतली. मळून तोंडात टाकली आणि हिरवा लागला. कोणी शिट्टी मारावी इतकं बरोबर.

कारखान्याने सांगितलंय, फेब्रुवारीअखेर एका मिनिटाच्या आत उठायला हवं. मॅडम म्हणाल्या, “जमवलंस तर तू कायम.” उज्वला, कायम! मग मी कॉलेज सोडलेला वाया गेलेला पोरगा उरणार नाही. मग सरळ तुमच्या कळंबोलीच्या घरी येऊन बाबांसमोर उभा राहीन, आणि सांगीन की ते दार उघडणारा मी.

कर्नल माझ्या हातात आहे. तोच सगळ्यांना थांबवतो. त्याला मी सरळ करतो की नाही बघ.

तुझाच,
शिवतेज

•

कराड
२० जानेवारी १९९७

शिवतेज,

तुझं पत्र सुमित्राबाईंनी फोडलं. नशीब, चष्म्याशिवाय त्यांना ‘कर्नल’ आणि ‘सरळ’ एवढंच वाचता आलं. मला बोलावून विचारलं, “मंजुषाचे हे कर्नल कोण? आणि मुलीच्या जातीने लष्करातल्या माणसाला सरळ करण्याची भाषा?” मी म्हणाले, तिच्या मामांचे शेजारी आहेत, फार कडक आहेत. आता हा कर्नल म्हणजे काय ते मला नीट लिही, नाहीतर पुढच्या वेळी बाई त्यांचा पत्ता मागतील.

पण हसून झाल्यावर मला घाम फुटला. तू बाबांच्या समोर उभा होतास! त्यांना काही कळलं नाही ना? शिवतेज, माझं ऐक. मे महिन्यात माझे शेवटचे पेपर संपतात. तोवर घरी येऊ नकोस. एप्रिलमध्ये फलटणचे पाहुणे मला बघायला येणार म्हणतायत, त्यांना कसं टाळायचं ते मी बघते. बाबांशी मीच बोलणार आणि पेपर झाल्यावर बोलणार. त्यांच्याकडून घाईने काही काढून घेता येत नाही. भाजी घ्यायची तरी ते सगळा बाजार फिरून पहिल्या गाळ्यावर परत येतात.

तू एकदा घाई केली आहेस. कॉलेजात तुझ्या जर्नलवरून झालेल्या चौकशीचा निकाल लागेपर्यंत थांबला असतास तर आज माझ्याबरोबर शेवटच्या वर्षात असतास. निकाल तुझ्या बाजूने लागला होता हे मी तुला अजून शंभर वेळा सांगणार.

थांब. मला एवढंच हवंय.

उज्वला

•

तुर्भे
९ फेब्रुवारी १९९७

उज्वला,

तो निकाल तू अजून शंभर वेळा सांग, मी अजून शंभर वेळा म्हणेन की ज्या सरांनी सगळ्या वर्गासमोर माझी जर्नल कचऱ्यात टाकली त्यांच्या निकालाची वाट बघणारा मी नव्हे.

सुमित्राबाईंना सांग, कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा. यंत्र सुरू झालं की आधी तो जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. डिस्क फिरायला लागली का, कार्ड जागं झालं का, सगळ्यांचा मेळ बसेपर्यंत तो पुढे जातच नाही. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आकडा लिहून ठेवलेला असतो, इतकं थांब, तितकं थांब. आमच्या मशीनवरची सिस्टीम फुकटची आहे, तिचा सगळा कोड उघडा मिळतो. तो वाचायचा, आकडा बदलायचा आणि कर्नल नव्याने बांधायचा. बांधायला दोन तास लागतात. तेवढ्यात मी समोरच्या टपरीवर तीन चहा घेतो आणि तुला मनात पत्र लिहितो.

काय काय सापडलं म्हणून सांगू! मशीनला फ्लॉपी नाही, तरी हा बाबा फ्लॉपीची वाट बघत बसायचा. नसलेल्या चार कार्डांना हाका मारायचा आणि प्रत्येकाच्या उत्तरासाठी ताटकळायचा. सगळं छाटलं. तीन चाळीसवरून एक मिनिट पंधरावर आणलं. मॅडमनी स्वतःच्या डब्यातली पुरणपोळी दिली.

पण पुढे हलेना. मग काल नाकाच्या भागात जे सापडलं ते बघून मी खुर्चीतून उठलोच. हा भाग कमळाकर नावाच्या इंजिनिअरने लिहिलेला. तो वर्षापूर्वी मस्कतला गेला. नाकाचं कार्ड म्हणतं, “मी आलो.” झालं की! जा पुढे! पण नाही, त्यानंतरही कर्नल नुसता उभा. आकडा चोवीस हजार, मिलिसेकंदात. म्हणजे चोवीस सेकंद काही न करता उभं राहायचं! आणि शेजारी महाशयांनी टिपण काय लिहिलंय इंग्रजी अक्षरांत? ‘एक पल थांब.’ अगं, पल म्हणजे पापणी लवते तेवढा वेळ! तीन शून्यं जास्त पडली आणि दोन वर्षं कोणी बघितलं नाही. त्या तीन शून्यांपायी तुझे बाबा दिवसातून पाच वेळा दारात तिष्ठत राहिले.

मी शून्यं उडवली. चोवीस हजाराचे चोवीस. एक्कावन्न सेकंदात मशीन उठलं!

एकदा नाही, इथे वर्कशॉपमध्ये चाळीस वेळा प्लग काढला आणि लावला. चाळीसही वेळा हिरवा दिवा. एकदाही चुकलं नाही.

शिवतेज

•

कराड
१५ फेब्रुवारी १९९७

शिवतेज,

अभिनंदन. ‘एक पल थांब’ वाचून आम्ही मुली खूप हसलो. तुझे कमळाकर हिंदी सिनेमाचे शौकीन दिसतात.

एक विचारू? ज्यांनी लिहिलं त्यांना विचारलंस का? मस्कतला पत्र जातं. त्यांच्या घरी फोन असेल. शून्यं चुकून पडली असतील, मी नाही म्हणत नाही. पण कुणाला थांब म्हणताना माणूस उगीच म्हणत नाही रे. मी तुला थांब म्हणते ते काय तीन शून्यं जास्त पडली म्हणून?

रागावलास ना? तुझ्या नाकाच्या शेंड्यावरचा राग मला इथून दिसतो.

उज्वला

•

तुर्भे
२४ फेब्रुवारी १९९७

उज्वला,

मस्कतला पत्र जायला पंधरा दिवस, यायला पंधरा. तोवर फेब्रुवारी संपला असता. विचारत बसणारे विचारत बसोत.

शनिवारी तळोजाला मशीन बसवलं. साहेब लोक घड्याळं लावून उभे होते. वीज घालवली, वीज आणली, एक्कावन्नाव्या सेकंदाला हिरवा दिवा! टाळ्या पडल्या. हिरामणदादांनी माझ्या पाठीवर असा हात मारला की चष्मा उडाला. “आरं, कुंभकर्नाचा उंदीर केलास रं!” सगळी शेड हसली. तुझे बाबा दिव्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “लवकर उठलं की.” मग काहीतरी शंका विचारली त्यांनी, मी समजावून दिली. जाताना त्यांनी चंची पुढे केली. मी तंबाखू खात नाही, पण चिमूटभर घेतली आणि गिळली. तुर्भे येईपर्यंत डोकं गरगरत होतं. ते तंबाखूने की आनंदाने, कोण जाणे!

आज मॅडमनी कायमचं पत्र दिलं. कागद हातात घेऊन लिहितोय.

आता ऐक. फलटणच्यांची वाट मी बघणार नाही, तुझ्या पेपरांचीही नाही. ९ मार्चला रविवार आहे. त्या दिवशी मी कळंबोलीला येतोय. ठरलं. दुसरं कोणी येऊन दारात उभं राहायच्या आत मी उभा राहणार.

तुझा आणि आता कायमचा,
शिवतेज

•

कळंबोली
६ मार्च १९९७

शिवतेज,

रविवारी येऊ नकोस. मी घरी आले आहे. तार आली म्हणून आले.

सोमवारी दुपारी कंपनीत वीज गेली आणि बारा मिनिटांनी आली. टाकीच्या खोलीतला वायू बाहेर ओढणारा पंखा तेवढा वेळ बंद होता. मशीन उठलं. पिवळा दिसला न दिसला तोच हिरवा. बाबा दाराशी तंबाखू मळत होते. हिरामणकाका म्हणाले, “नामदेवदादा, तुमी तंबाखू मलत बसा निवांत, मी जातंय म्होरं.” मास्क गळ्यात तसाच लटकत होता. हिरवा होता ना, मग कोण चढवतो? दहा-बारा पावलं गेले असतील, आणि मागे लाल दिवा लागला, भोंगा झाला. बाबांनी हातातली तंबाखू टाकली, टॉवेल भिजवून तोंडाला बांधला आणि आत गेले. काकांना पायाला धरून ओढत आणलं.

बाबा ठीक आहेत. डोळे लाल आहेत, खोकतात, जेवत नाहीत. हिरामणकाका पनवेलच्या दवाखान्यात आहेत. वाचतील म्हणाले. घसा आतून भाजलाय, आवाज परत येईल की नाही सांगता येत नाही. बायको काशीकाकू उशाशी बसून आहेत. मी काल गेले होते. त्या माणसाने मला बघून ओठ हलवले आणि आत काहीच वाजलं नाही. शिवतेज, त्यांचा आवाज आमच्या घरी त्यांच्या आधी यायचा. जिन्यातून हाक यायची, मग ते.

आता पुढचं लिहिते. तीन वेळा पेन खाली ठेवलं.

बाबा काल आईला सांगत होते, “नाक तापायच्या आत दिवा लागला. गार नाकाला वास येत न्हाय, ते सगळं चांगलंच हाय म्हणून सांगतं. मी कमळाकर साहेबांकडून मुद्दाम एक पळ ठेवून घेतला व्हता. कुणी काढला?”

पळ, शिवतेज. ळ. साठ पळांची एक घटिका, आणि एक पळ म्हणजे चोवीस सेकंद. हे मला लहानपणापासून पाठ आहे, बाबांनीच शिकवलंय. कमळाकरांनी एकही शून्य चुकवलं नव्हतं. तू इंग्रजी अक्षरांत पाहिलंस आणि मला पत्रात ‘पल’ लिहिलंस. तू ळ लिहिला असतास तर मी त्याच दिवशी धावत जाऊन फोन केला असता. मी मात्र मैत्रिणींना वाचून दाखवून हसले.

बाबांना माहीत नाही की तो मुलगा तू. मला माहीत आहे.

उज्वला

•

तुर्भे
८ मार्च १९९७

उज्वला,

तुझं पत्र मी जिन्यात उभ्या उभ्या वाचलं. मग परत वर्कशॉपमध्ये गेलो आणि ती फाईल उघडली. PAL. तीन अक्षरं. मी ती शंभर वेळा वाचली असतील. पळ, पल, पाल, काहीही वाच. मला वाचायचं होतं तेच मी वाचलं.

मॅडमना मंगळवारीच फोन आला होता. त्या एकट्याच तळोजाला गेल्या आणि मशीन उतरवून घेतलं. मला म्हणाल्या, कार्ड खराब झालं असावं, तू घाबरू नकोस. आज मी त्यांना फाईल दाखवली. त्या खाली बसल्या. “एक मिनिटाची घाई मी लावली होती,” म्हणाल्या. मी कायमचं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. चौकशीसाठी जबाब लिहून दिलाय, माझ्या अक्षरात, माझ्या सहीने.

आणि ते चाळीस वेळा! मी चाळीस वेळा प्लग काढून लावला आणि छाती फुगवली. अगं, वर्कशॉपमध्ये वायू कुठे होता? इथे गार नाक ‘हवा चांगली आहे’ म्हणालं तर ते खरंच होतं. मी चाळीस वेळा मुडद्याला विचारलं की तुला बरं वाटतंय ना, आणि चाळीस वेळा तो गप्प राहिला म्हणून खूश झालो.

आज मी डब्यात ॲसिटोनचा बोळा धरून बघितलं. हिरवा. हिरवा. हिरवा. मी घड्याळ लावून मोजत होतो. तेविसाव्या सेकंदाला ते किंचाळलं.

तुझ्या बाबांना मी स्वतः लिहितो. तू मध्ये पडू नकोस.

शिवतेज

•

तुर्भे
११ मार्च १९९७

आदरणीय नामदेवकाका,

नमस्कार लिहायचा धीर होत नाही, तरी लिहितो.

२२ फेब्रुवारीला मशीन बसवायला आलेला चष्मेवाला मुलगा मी. तुम्ही ठेवलेला पळ मी काढला. मला वाटलं चुकून शून्यं पडली आहेत. ज्यांनी लिहिलं त्यांना विचारा, असं मला एका माणसाने सांगितलं होतं. मी विचारलं नाही.

त्याहून वाईट गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण ती मी कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, “पिवळा दिवा कुठं गेला रं?” मी म्हणालो, “काका, आहे तो, पण डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने जातो. आधी उगाच ठेवला होता.” तुम्ही “उगाच?” म्हणालात आणि अजून काही बोलणार होतात. मी साहेबांकडे वळलो. कारण साहेबांच्या हातात घड्याळ होतं. तुम्ही जे सांगणार होतात ते मी ऐकून घेतलं असतं तर हिरामणदादा आज हाका मारत असते.

दुसरं. तुमची उज्वला माझ्या वर्गात होती. मी कॉलेज सोडलं. मी तिच्याशी लग्न करायची इच्छा धरून होतो. ते मशीन लवकर उठवायची माझी घाई त्यासाठी होती. तिने मला सारखं थांब म्हणून लिहिलं, तिचा यात काही दोष नाही. हे लपवून फक्त पहिली चूक कबूल केली असती तर ती अर्धीच कबुली झाली असती.

माझं जे करायचं ते करा.

शिवतेज

•

कळंबोली
२० मार्च १९९७

शिवतेज यास,

आशीर्वाद लिहिण्याची रीत आहे. हात वळेना म्हणून लिहिला नाही. राग मानू नये.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, घरातल्यांना दिलं नाही. मी सातवी शिकलेला माणूस, चुकलं तर समजून घे.

आमचे वडील गावचे गुरव. लग्नाचा मुहूर्त जोशीबुवांनी काढायचा, पण घंगाळात घटिकेची वाटी सोडून तिच्याजवळ बसायचं काम आमच्या वडलांकडं. भोकाची वाटी, भरली की बुडायची, ती एक घटका. मी शेजारी बसून पळ मोजायचो. नवरा मुलगा कितीबी मोठ्या घरचा असूदे, वाटी बुडाल्याशिवाय अंतरपाट हलत नसे. एकदा एका पाटलानं वाटीला बोट लावून बुडवली. वडलांनी ती काढून पुन्हा सोडली. सगळा मांडव उन्हात उभा राहिला. बोट लावलेली घटका घटका नसते, म्हणाले.

मशीन नवीन आलं तवा मी औषधाचा बोळा धरून बघितला. नाकाला वास येईना. माझी तंबाखू मळून झाली आणि मग ते बोंबललं. मी कमळाकर साहेबांना म्हटलं, साहेब, ह्येला एक पळ लागतो. त्यांनी घड्याळ लावलं, चोवीस भरले. म्हणाले, नामदेवराव, तुमचाच शब्द लिहून ठेवतो. मला लई बरं वाटलं होतं. कॉम्प्युटरात माझा शब्द हाय, असं मी हिरामणला कितीदा सांगितलं. तो हसायचा.

आता माझी चूक. त्या शनिवारी पिवळा दिवा दिसला नाही तवाच मी दार अडवून बसायला पाहिजे होतं. तू शिकलेला, बरोबर साहेब लोक, मी गप्प बसलो. नऊ दिवस गप्प होतो. हाताला मात्र सवय होती, तो मळत राहिला. मी वाचलो तो तंबाखूमुळं, शहाणपणामुळं नाही. ह्याचं मला अजून कळत नाही काय करावं.

तू दोन गोष्टी लिहिल्या. पहिल्याची शिक्षा करायचा अधिकार मला नाही, हिरामणला आहे. त्याच्या घरी जा. काशी आत घेणार नाही. बाहेर बस.

दुसऱ्या गोष्टीवर मी आज हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. हिरामण बोलला की मग मी बोलीन. किती दिवस ते विचारू नको. मला आकडा माहीत नाही.

नामदेव बळवंत गुरव

•

कराड
२७ एप्रिल १९९७

शिवतेज,

पेपर सुरू आहेत म्हणून थोडंच. बाबांनी फलटणच्या पाहुण्यांना सध्या येऊ नका म्हणून कळवलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, “घरात माणूस आजारी हाय.” आमच्या घरात कोणी आजारी नाही. मग कळलं, ते हिरामणकाकांना घरातलं धरतात.

माझा राग अजून गेलेला नाही. तुझ्यावरचा आणि माझ्या त्या दिवशीच्या हसण्यावरचा. गेला की मीच लिहीन. कधी, ते विचारू नकोस.

उज्वला

•

तुर्भे
१६ जून १९९७

आदरणीय नामदेवकाका,

सविनय नमस्कार. आज एक बातमी कळवायची आहे. तुम्ही सांगितलंत तसा मी दर रविवारी हिरामणदादांच्या घरी जातो. पहिल्या रविवारी काशीवहिनींनी बादलीभर पाणी माझ्या अंगावर ओतलं. दुसऱ्या रविवारी दार लावून घेतलं. तिसऱ्या रविवारी मी ओट्यावर बसलो होतो तर दादांनी खिडकीतून पाटी बाहेर काढली. वर खडूने लिहिलं होतं, ‘बस’. तेव्हापासून मी त्यांना पेपर वाचून दाखवतो. ते पाटीवर लिहितात, मी पुसून देतो. वहिनी चहा देतात, पण कप जमिनीवर जरा जोरात ठेवतात.

डॉक्टरांनी १ जूनपासून बोलायची परवानगी दिली. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं, नुसती हवा आली. पुढच्या रविवारीही तेच. नंतर त्यांनी प्रयत्न सोडला. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस आयुष्यभर माझ्याशी पाटीवरूनच बोलणार. काका, एखाद्याचा गप्प चेहरा इतका मोठा असतो हे मला माहीत नव्हतं.

काल मी त्यांना मशीनचं सांगत होतो. तुमचा पळ परत घातलाय आणि मशीन सव्वा मिनिटात उठतं. साहेब कुरकुरले, मॅडमनी ऐकून घेतलं नाही. त्या म्हणाल्या, याहून लवकर उठणारं हवं असेल तर दुसरीकडे जा. इंग्रजी अक्षरांत ळ लिहिता येत नाही, म्हणून मशीनच्या झाकणावर मी मराठीत कागद चिकटवलाय: ‘एक पळ थांब. पळ म्हणजे चोवीस सेकंद. हा शब्द नामदेव गुरव यांचा. काढण्याआधी त्यांना विचारा.’ कागदावर मी काय काय लिहिलं ते दादांनी पाटीवर उतरवून मागितलं. मी उतरवलं. त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे बघत राहिले. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

आणि दादा बोलले. आवाज फाटका होता, दोन घरं पलीकडेही गेला नसता, पण बोलले. पहिला शब्द माझ्या नावाला जोडून होता आणि तो पत्रात लिहिता येणार नाही. दुसरा माझ्या खानदानाबद्दल होता. मग दम घेऊन म्हणाले, “कुंभकर्नाला निजू द्याचा व्हता.” वहिनी रडायला लागल्या. मीही. दादांनी आम्हा दोघांना मिळून आणखी एक शिवी घातली, खोकले, आणि पाटी माझ्या हातात देऊन म्हणाले, “ने ही. आता नको.”

पाटी माझ्याकडे आहे.

तुमची अट मी विसरलेलो नाही, पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. ते बोलले हे तुम्हाला आधी कळावं, एवढ्यासाठीच लिहिलं.

उत्तराची घाई नाही.

आपला,
शिवतेज